बँकॉकमध्ये सगळ्या बायका ‘खा’ म्हणतात

दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं निघाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बँकॉकचीच गर्दी होते. नवऱ्याच्या नोकरीपायी २००९ ते २०१८ अशी नऊ वर्षं मी तिथे संसार केला, हे संपादकांनी एकदा छापलं आणि ते मला अजून भोवतंय. या वेळी सगळी पत्रं बँकॉकचीच घेतली आहेत. मनालीवाल्यांनी आणि अष्टविनायकवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : मावशी, मी, हे, सातवीतला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे चौघं दिवाळीच्या सुट्टीत थायलंडला चाललोय. शेवटचा दिवस बँकॉकमध्ये मोकळा आहे. टूरवाल्याने त्या दिवसासाठी सफारी पार्क, मॉल आणि रात्री बोटीवर जेवण असं सुचवलंय, माणशी पैसे वेगळे. आम्हाला मात्र गाव बघायचंय आणि रस्त्यावरचं खायचंय. अडचण अशी की सासूबाई पक्क्या शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. त्यांना हॉटेलवर दशम्या खायला लावून आपण बाहेर हादडायचं, हे मनाला पटत नाही. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : सासूबाईंना आधी एक गोष्ट सांगून ठेवा. विमानातून उतरल्यापासून भेटेल ती बाई त्यांना ‘खा’ म्हणणार आहे. ‘सवात्दी खा’ म्हणजे नमस्कार, ‘खोप खुन खा’ म्हणजे आभार. थाई बायका बोलताना शेवटी आदराचा ‘खा’ लावतात, पुरुष ‘ख्रप’ लावतात. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘काय गं आग्रह या लोकांत, आणि हातावर तर काहीच ठेवत नाहीत.’

‘सवात्दी’ म्हणजे आपलं स्वस्ति. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आणि निघताना आत समुद्रमंथनाचा भलाथोरला देखावा आहे, वासुकी ओढणाऱ्या देव-दानवांसकट. थाई माणूस आपल्या शहराला बँकॉक म्हणतच नाही, ‘क्रुंग थेप’ म्हणतो. थेप म्हणजे देव. पूर्ण नाव एका दमात म्हणता येणार नाही इतकं लांब आहे, पण त्यातले शब्द मुलाला शोधायला लावा : महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, उत्तम राजनिवेश, शेवटी शक्र आणि विश्वकर्मा. इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने बांधलेली नगरी. थाई उच्चारात सगळे शब्द तोंडात गुळणी धरल्यासारखे येतात, म्हणून पटकन ओळखू येत नाहीत.

आता तुमचा दिवस. टूरवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. एका दिवसात बँकॉक उरकायला जाल तर ट्रॅफिकमध्ये बसाल आणि काचेतून मॉल बघाल. नदी सोडायची नाही, एवढं धरून चाला.

सकाळी सातला बाहेर पडा. स्कायट्रेनने सफान तक्सिन स्टेशन, खाली उतरलं की साथॉन धक्का. तिथे निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीची तिकिटं विकणारे मोठ्याने हाका मारत असतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. केशरी झेंड्याची बोट धरा, नोकरदार माणसं चढतात ती. माणशी साधारण १६ बाट (एका बाटाचे अडीच-तीन रुपये धरा). बोट धक्क्याला नीट टेकतही नाही, शिट्टी वाजते, लोक टुणकन आत. सासूबाईंचा हात धरा आणि घाई करू नका. म्हातारं माणूस दिसलं की बोटीवरचा पोरगा स्वतः हात देतो. मग कंडक्टर बाई येते. तिच्या हातात पत्र्याची लांब नळी असते, त्यात नाणी आणि तिकिटांची गुंडाळी. झाकण उघडमीट करत ती खटखट वाजवत फिरते. एसटीतल्या कंडक्टरच्या तिकीट पंचची टिकटिक ज्यांनी ऐकली आहे त्यांना बाकी काही समजावायला नको.

वाट अरुणच्या धक्क्यावर उतरा. ‘वाट’ म्हणजे विहार, देऊळ. ‘आधी वाट अरुण, मग वाट पो, म्हणजे दिवसभर आपली वाटच लागणार’ हा विनोद आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याने केला आहे. तुमचे ‘हे’ही करतील, तुम्ही हसा.

अरुण म्हणजे सूर्याचा सारथी, तोच. लांबून हे देऊळ पांढुरकं दिसतं आणि माणसं फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका, अगदी जवळ जा, भिंतीला नाक लागेल इतकं. सगळी फुलं, पाकळ्या, वेली चिनी मातीच्या बश्या-वाडग्यांच्या तुकड्यांच्या आहेत. काही ठिकाणी आख्खी बशीच बसवली आहे, कडेच्या निळ्या नक्षीसकट. आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक करतात ते आठवा, आणि गवंड्याच्या जागी सोनार बसलाय असं समजा. पायऱ्या उभ्या आहेत, सासूबाईंनी चढू नये. खाली सावलीत बसून बश्या मोजाव्यात.

तिथून समोरच्या ता तियन धक्क्यावर जायला ५ बाटांची होडी आहे. दोन-तीन मिनिटांत पलीकडे. पाच मिनिटं चाललं की वाट पो, म्हणजे पहुडलेला बुद्ध. लांबी ४६ मीटर, उंची १५. इमारत मूर्तीला घट्ट बसलेली, त्यामुळे एका नजरेत मावत नाही, चालत चालतच बघावी लागते. तळपाय मात्र शेवटी थांबून बघा : काळ्यावर शिंपल्याच्या कामाची १०८ शुभचिन्हं. मूर्तीच्या पाठीमागे काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली आहेत. नाण्यांची वाटी विकत मिळते आणि प्रत्येक भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. हे काम सासूबाईंचं. दहा-वीस माणसं एकाच वेळी नाणी टाकत असतात, त्या आवाजाने सगळा सभामंडप किणकिणत असतो. माझ्या आईची नाणी नेहमी शेवटच्या चार भांड्यांना कमी पडायची आणि ती माझ्याकडे वळून हात पुढे करायची.

राजवाडा? तुम्हाला राग येईल, पण मी गाळते. १७८२ मध्ये राजधानी नदीच्या या काठावर आली तेव्हाचा आहे, देखणा आहे, आणि माणशी ५०० बाट तिकीट देऊन उन्हात गर्दीच्या लोंढ्याबरोबर सरकायचं आहे. ७१ वर्षांच्या बाईंना घेऊन राजवाडा आणि दोन्ही वाट एका सकाळी होत नाहीत. त्यात एक नुकसान आहे, ते लपवत नाही. राजवाड्यातल्या देवळाभोवतीच्या ओवरीत रामायणाची १७८ भित्तिचित्रं आहेत, ती हुकतील. थाई रामायणातला मारुती मात्र ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल गडी आहे. सासूबाईंच्या कानावर हे न गेलेलंच बरं.

आता खाणं, ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत.

तुमचं कोडं तिथल्या लोकांनी कधीच सोडवून ठेवलंय. पिवळी पताका आणि तिच्यावर लाल थाई अक्षर, इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसतं. वाचायचं ‘जे’. हे चिनी वळणाचं व्रताचं जेवण : मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूधसुद्धा नाही, आणि कांदा, लसूण, पातीचा कांदा असली उग्र वासाची मंडळीही नाहीत. म्हणजे चातुर्मासाला चोख. तुमचं बोलायचं वाक्य ‘किन जे खा’, मी जे खाते. मराठी माणसाला पाठ व्हायला याहून सोपं वाक्य नाही. यजमानांनी ‘किन जे ख्रप’ म्हणावं. नुसतं ‘व्हेज’ म्हणालात तर समोरची बाई मान डोलावेल, भाज्या घालेल आणि वरून फिश सॉस ओतेल. तिच्या दृष्टीने ते मीठ आहे. त्यात तिचा दोष नाही.

एक इशारा. जे-च्या दुकानात सोयाबीनचं आणि गव्हाच्या चिकाचं ‘बदक’, ‘मासा’, ‘कोलंबी’ मिळते, खवल्यांसकट हुबेहूब. खरं ते पूर्ण शाकाहारी असतं, पण सासूबाईंनी ताटात मासा बघितला तर तुमचं स्पष्टीकरण ऐकायला त्या थांबायच्या नाहीत. टोफू, मश्रूम, मोहरीच्या पानांची भाजी आणि भात यावर बोट ठेवा.

याच जेवणाचा नऊ दिवसांचा मोठा उत्सव चिनी नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून असतो. तो बहुतेक वर्षी बरोबर आपल्या नवरात्रात येतो. सगळं चायनाटाउन पिवळं होतं आणि सीलोम भागातल्या मरिअम्मनच्या देवळातून देवीची मिरवणूक निघते ती वेगळीच. तुम्ही दिवाळीत जाताय, म्हणजे ती मजा हुकली. पण जे-ची कायमची दुकानं वर्षभर असतात.

आणि आता माझा जीव जिच्यात अडकलाय ती चीज : खनोम क्रोक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई रोज पहाटे बसायची. बिडाचं जाड आपेपात्र, आपल्यापेक्षा मोठं, वीस-पंचवीस खळग्यांचं. आधी किटलीतून तांदळाचं पातळ पीठ प्रत्येक खळग्यात अर्ध्यापर्यंत. ते कडेने धरायला लागलं की वर नारळाचं दाट दूध, किंचित मीठ आणि साखर घातलेलं. मग मक्याचे चार दाणे, नाहीतर सुरणासारख्या लागणाऱ्या कंदाचे तुकडे, नाहीतर कांद्याची पात. झाकण ठेवायचं. आपण आपे उलटतो, ती उलटायची नाही. चमच्याने कडा सोडवून एक अर्धुक दुसऱ्या अर्धुकावर पालथं घालायचं, झाला गोळा. बाहेरून कुरकुरीत, आत शिऱ्यापेक्षा पातळ, आणि इतकं गरम की घाई केली तर टाळू भाजलीच म्हणून समजा. केळीच्या पानाच्या द्रोणात द्यायची, पुढे पुढे थर्मोकोलच्या डब्यात. तिला थाईशिवाय काही येत नव्हतं आणि मला पहिलं वर्षभर थाई येत नव्हतं. एकदा मी घरचं आपेपात्र नेऊन दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटं केलं, खळग्यात अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या माहेरची निघाले.

सासूबाईंसाठी मक्याचं मागा, कांद्याच्या पातीचं नको. मिसळून ठेवलेल्या डब्यांतून घेऊ नका, समोर भाजून घ्या. तीस-चाळीस बाटांत डबा येतो. आपेपात्र दिसलं की थांबायचं, एवढा एकच नियम कुटुंबाला घालून द्या.

दुपारच्या उन्हात भटकू नका. वाट पोजवळ सनाम चाय हे भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे, आतून दरबारासारखं सजवलेलं, थंडगार. एक स्टेशन गेलं की साम योत. पायात बळ असेल तर इथून चालत मोठ्या झोपाळ्याच्या लाल खांबांपर्यंत जा. त्यावर पूर्वी ब्राह्मण झोके घेत, १९३५ पासून ते बंद झालं. जवळच १७८४ मधलं देवस्थान आहे : शिव, गणपती, विष्णू, तिघांची तीन देवळं एका आवारात. तिथले पुजारी थाई ब्राह्मण. पांढरे कपडे, डोक्यावर केसांचा बुचडा, आणि मंत्र असे की शब्द कळल्यासारखे वाटतात आणि निसटतात. गणपतीला तिथे ‘फ्रा फिक्कनेत’ म्हणतात. विघ्नेश हो, दुसरं काय. उघडं मिळालं तर सासूबाईंना घटकाभर बसू द्या.

चहाची तल्लफ आली तर साम योतच्याच बाजूला पाहुरात, म्हणजे कापडाची हिंदुस्थानी पेठ आणि सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा. आल्याचा दुधाळ चहा तिथे मिळतो. इतर ठिकाणी मिळेल तो केशरी रंगाचा, बर्फाचा, कंडेन्स्ड मिल्कचा. मुलाला आवडेल, सासूबाई त्याला चहा म्हणायच्या नाहीत.

संध्याकाळी पुढचं स्टेशन वाट मंगकोन. वर आलात की यावरात, चायनाटाउन. सोमवार टाळा, त्या दिवशी खाण्याच्या बऱ्याच गाड्या बंद असतात. सहानंतर रस्त्याची एक बाजू गाड्यांनी भरते. तुम्ही तिघं काय खायचं ते नाकाने ठरवा. सासूबाईंसाठी भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस, आणि नारळाच्या दुधात मुरवलेला चिकट भात व आंबा. आंब्याचा खरा हंगाम उन्हाळ्यात. दिवाळीत मिळतो तो महागही असतो आणि देवगडच्या माणसाने तोंड वाकडं करावं असाही. पण तो भात! त्याच्यासाठी मी आंबा माफ करते. आणखी एक, आल्याच्या गरम पाण्यात सोडलेले तांदळाच्या उकडीचे गोळे, आत काळ्या तिळाचं सारण. मोदकाची चुलत बहीण. सारणात कधीकधी चरबी असते, म्हणून आधी ‘जे?’ एवढंच विचारा. बाई मान हलवेल ती हो की नाही, तेवढं नीट बघा.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे, चार मित्र. शाकाहाराचं लिहून जागा भरवू नका. बँकॉकच्या रस्त्यावर मासे खायचे तर कुठले? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लिहिलं खरं, आता काय करणार.

तुमच्यासाठी पहिलं नाव ‘प्ला थू’. बाजारात बांबूच्या छोट्या गोल टोपल्या दिसतील, प्रत्येकीत दोन-तीन मासे, मान मोडून तोंड खाली घातलेले. टोपली लहान आणि मासा लांब, म्हणून मान वाकवून बसवतात. थाईत त्याला ‘तोंड वाकडं, मान मोडलेली’ असंच म्हणतात, आणि रुसलेल्या बाईलाही गमतीने तेच. नीट बघितलंत तर ओळखाल : बांगड्याचा सख्खा चुलत भाऊ, अंगाने जरा रुंद. वाफवलेला विकतात, घरी तळतात, आणि सोबत ‘नाम फ्रिक कपी’. कपी म्हणजे बारीक कोलिमासारखी कोळंबी मिठात मुरवून वाटलेली. तिच्यात लसूण, मिरची, लिंबू, थोडा ताडगूळ घालून चटणी. वासाने कोकणी माणूस घरी आल्यासारखा होतो. माझा कोकणातला आतेभाऊ पहिला घास घेऊन दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘जवळ्याच्या चटणीत गूळ घालायचं आपल्याला कसं नाही सुचलं?’

हे सगळं यावरातच्या झगमगाटात नाही मिळणार. ‘खाव गेंग’ची दुकानं शोधा, म्हणजे भात आणि आमट्या. स्टीलच्या परातींत दहा-पंधरा पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवायचं, भातावर वाढून मिळतं. सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत जा. संध्याकाळी परातीत तळ दिसतो.

दुसरा, मिठात लपेटून निखाऱ्यावर भाजलेला आख्खा मासा, ‘प्ला पाव’. पोटात गवती चहाची जुडी कोंबलेली असते. मिठाचं कवच सालीसकट सोलून निघतं आणि आत पांढरं, वाफाळतं. तो बहुधा तिलापिया असतो, गोड्या पाण्यातला. तुम्ही नाक मुरडणार हे मला माहीत आहे. खाऊन मग मुरडा.

तिसरी यावरातमधली शिणाण्यांची किंवा कालवांची अंड्यातली धिरडी. मोठ्या सपाट तव्यावर, खाली तेल थुईथुई. कुरकुरीत मागा. मऊ घेतलीत तर पिठाचा लगदा वाटेल.

बर्फाची भीती घालून घेऊ नका. मधे आरपार भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो. ठेचलेल्या बर्फाबद्दल माझं मत वेगळं आहे. गर्दीच्या गाडीवर खा, तवा समोर तापलेला हवा, आणि कापून ठेवलेल्या कालवांना दुपारच्या उन्हात हात लावू नका. हे रत्नागिरीच्या माणसाला मी काय सांगणार.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण, दोघीच जाणार आहोत. तिथे फसवणूक फार होते असं ऐकलं. खरं का? आई-बाबा त्यावरून नाही म्हणतायत. – विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : रात्री दहाला स्कायट्रेनमधून एकटीने घरी जायची भीती मला नऊ वर्षांत कधी वाटली नाही. फसले मात्र होते, आणि भर सकाळी दहाला.

नवीनच गेले होते. राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने चालले होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, अशा एका गृहस्थांनी थांबवलं. ‘आज सकाळी पूजा आहे, वाडा दोनला उघडेल. तोवर एक शुभ बुद्ध बघून या, आजच खुला असतो.’ कागदावर तीन फुल्या मारून दिल्या. समोर टुकटुक उभीच. वीस बाटांत तीन ठिकाणं! डोंबिवलीत रिक्षावाला एवढ्या पैशात वळणसुद्धा घेत नाही. पहिल्या ठिकाणी खरंच एक देऊळ होतं, छान, रिकामं. तिथे ‘सहज’ भेटलेल्या दुसऱ्या गृहस्थांनी सांगितलं की आज जवाहिराच्या दुकानात सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस आहे. तिसऱ्या ठिकाणी ते दुकान. मी निळ्या खड्याची अंगठी घेऊन बाहेर पडले आणि स्वतःवर खूश होते. सुट्टीत घरी आल्यावर आमच्या सोनाराला दाखवली. भिंगातून बघून तो म्हणाला, ‘वहिनी, खडा खरा आहे. किंमत खोटी आहे.’

वाडा त्या दिवशी उघडाच होता. दार पुढच्या वळणावर होतं, दोनशे पावलांवर.

तर भिंतीच्या कडेला कोणी ‘बंद आहे’ म्हणालं की हसायचं, ‘खोप खुन खा’ म्हणायचं आणि दारापर्यंत चालत जायचं. टुकटुकचं भाडं बसण्याआधी ठरवायचं. ते फारच कमी सांगितलं तर बसायचंच नाही. टॅक्सीत मीटर टाकायला लावायचं, किंवा फोनवरून बोलवायची. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे ठेवा, नाहीतर देवळाबाहेर लुंगी भाड्याने घ्यावी लागते. भिक्षूंच्या अंगाला आपल्या अंगाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, बोटीत ते शेजारी आले तर आपण सरकायचं.

आणि निघण्याआधीची फसवणूक : १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्याने पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, बंद करा. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. मैत्रिणीच्या दादाने गेल्या वर्षी काय केलं ते विचारू नका.

आई-बाबांना अंगठीची गोष्ट सांगा. नऊ वर्षांत एवढंच झालं, हेही सांगा.

प्रश्न : मी नियमाने एकादशी करते. सहलीत नेमकी एकादशी येते आहे. तिकडे म्हणे साबुदाणा भरपूर पिकतो. उपासाचं रस्त्यावर मिळेल ना? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, टॅपिओका, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, तिथे भरपूर पिकतो, आणि नेमका म्हणूनच जीव धोक्यात आहे. रस्त्यावर तुम्हाला साबुदाण्याचे वाफवलेले, पारदर्शक, लिंबाएवढे गोळे दिसतील. वर तळलेला लसूण, बाजूला कोथिंबीर आणि हिरवी मिरची. दिसायला इतके आपले की हात पुढे होतोच. त्याचं नाव ‘साखू साय मू’. साखू म्हणजे साबुदाणा, साय म्हणजे भरलेला. आणि मू म्हणजे डुक्कर.

आमच्या ओळखीच्या एक काकू एकादशीला असा अर्धा गोळा खाऊन ‘आत दाण्याचं कूट छान खमंग आहे’ म्हणाल्या होत्या. दाणेही असतात त्यात, त्यामुळे त्या पूर्ण चुकल्या नव्हत्या. मी काही बोलले नाही. त्या वारल्या बिचाऱ्या, म्हणून आज लिहिते.

तुम्ही शहाळं घ्या, जागोजागी मिळतं. निखाऱ्यावर भाजलेली रताळी आणि केळी मिळतात. केळी चपटी करून गुळाच्या पाकात बुडवलेली नको असतील तर पाकाआधीच उचला. तळलेल्या केळ्यांना ‘क्लुए खेक’ म्हणतात, पाहुण्यांची केळी. खेक म्हणजे पाहुणा, आणि आपल्याकडच्या माणसांनाही ते खेकच म्हणतात. पण त्याला तांदळाचं पीठ असतं, म्हणजे ती बारशीला.

प्रश्न : बँकॉकला चाललो म्हटलं की ऑफिसातले डोळे मिचकावतात. सोबत बायको आणि सासरे आहेत हो! काय सांगू लोकांना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : क्रुंग थेपला चाललोय म्हणा. कुणाला कळणार नाही. येताना खनोम क्रोकचं बिडाचं पात्र आणा, चायनाटाउनच्या भांड्यांच्या दुकानात मिळतं. हातसामानात घेऊ नका. आमच्या ह्यांना सुरक्षा तपासणीत ते उघडून दाखवावं लागलं होतं, आणि वीस खळगे असलेली लोखंडी वस्तू कशासाठी, हे समजावताना ते शेवटी तोंडाने ‘चर्र’ असा आवाज काढून दाखवत होते. तपासणीवाली बाई हसली आणि म्हणाली, ‘खनोम क्रोक खा!’ या वेळी तो ‘खा’ कुठला होता, ते मात्र कळलं नाही.